ग्राउंडच्या पिना किती नव्हे, कुठे: जॉन्सन आणि ग्रॅहम यांच्या नवव्या प्रकरणाबद्दल

मागे बऱ्याच जणांनी विचारलं होतं की इलेक्ट्रॉनिक्स शाखेतून न येता, नुसती फिजिक्सची एम.एस्सी. करून प्रयोगाच्या पीएच.डी.ला लागलं तर कुठलं पुस्तक वाचावं. आज त्यातल्या एका पुस्तकाबद्दल लिहितेय. खरं तर पुस्तकातल्या एकाच प्रकरणाबद्दल. कारण त्या प्रकरणानं मला एका चुकीच्या पेपरपासून वाचवलं, आणि ते मी आधी अर्धवट वाचलं होतं म्हणूनच ती चूक झाली होती.

पुस्तक आहे 'हाय-स्पीड डिजिटल डिझाइन', लेखक हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम, साल १९९३. उपशीर्षक 'अ हँडबुक ऑफ ब्लॅक मॅजिक', म्हणजे काळ्या जादूची पोथी. नववं प्रकरण कनेक्टरवर आहे. दोन बोर्ड जोडताना किती पिना सिग्नलला द्यायच्या, किती ग्राउंडला द्यायच्या आणि त्या कुठे ठेवायच्या, हा त्याचा गाभा.

आधी माझी गोष्ट

माझा डिटेक्टर साधा आहे. सिंटिलेटरच्या सोळा पट्ट्या, प्रत्येकीला एक फोटोसेन्सर. वरून कॉस्मिक म्यूऑन आला की पट्टी क्षणभर चमकते, कंपॅरेटर त्याचा ३.३ व्होल्टचा पल्स करतो आणि सोळा पल्स एका रिबन केबलनं एफपीजीए बोर्डाकडे जातात. एका वेळी किती पट्ट्या पेटल्या हे मोजायचं.

कंपॅरेटरचा बोर्ड नव्यानं करायचा होता. ड्रॉइंग आधीच्या सीनियरचं होतं: २० पिनांचा कनेक्टर, मधे सोळा सिग्नल, ग्राउंड दोन्ही टोकांना एकेक, उरलेल्या दोन सप्लायला. मी बदलापूरला राहते, म्हणून बोर्ड अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपला दिला. तिथल्या काकांचा दुपारी फोन आला.

"मॅडम, ग्राउंड दोनच दिलेत. मोठा कनेक्टर टाकू का? बोर्डावर जागा आहे भरपूर."

मी म्हटलं, "नको काका, ड्रॉइंगप्रमाणेच करा. आमचं सिग्नल काही फास्ट नाहीये."

काकांनी ड्रॉइंगप्रमाणेच केलं आणि काम अगदी स्वच्छ केलं. पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पुढच्या काही महिन्यांच्या डेटात एक गंमत दिसली. एक-दोन पट्ट्या पेटणाऱ्या घटना सिम्युलेशनशी छान जुळत होत्या. पण चार-पाच पट्ट्या एकदम पेटल्या की सहावी, सातवीही पेटायची, सिम्युलेशनपेक्षा स्पष्टपणे जास्त. सर खूश झाले, मीही. छपराच्या काँक्रीटमध्ये तयार होणाऱ्या छोट्या शॉवरचा परिणाम असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. पेपरचा मसुदा झाला, एका परिषदेला सारांश पाठवला.

आता शंका घेणाऱ्यांसाठी: क्रॉसटॉक तपासला नव्हता का? तपासला होता. सीनियरच्या वहीत नोंद होती आणि मी ती चाचणी पुन्हा केली होती. एका चॅनेलला जनरेटरचा पल्स द्यायचा, बाकीचे पंधरा शांत आहेत का बघायचं. शांत होते. चाचणी पास.

प्रकरण काय सांगतं

याच टप्प्यावर मी नववं प्रकरण पुन्हा उघडलं, तेही दुसऱ्याच कामासाठी. आणि या वेळी नीट वाचलं.

पुस्तकाची पहिली मोठी देणगी पहिल्याच प्रकरणात आहे. सिग्नल 'फास्ट' आहे की नाही, हे क्लॉकच्या वारंवारतेवर ठरत नाही, पल्सची कड किती झटकन चढते त्यावर ठरतं. त्यांचा अंदाज असा: चढण्याच्या वेळानं ०.५ ला भागा, येईल त्या वारंवारतेपर्यंत तुमचं सर्किट नीट वागलं पाहिजे. कड १ नॅनोसेकंदाची असेल तर ५०० मेगाहर्ट्झ. माझ्या पट्ट्या सेकंदाला फार तर काही वेळा पेटत होत्या, पण कंपॅरेटरची कड साधारण एक नॅनोसेकंदाची होती. म्हणजे काकांना मी जे ऐटीत सांगितलं, "आमचं सिग्नल फास्ट नाहीये", ते साफ चूक होतं.

दुसरी देणगी म्हणजे नवव्या प्रकरणाची दृष्टी. ते कनेक्टरकडे पिनांची रांग म्हणून बघत नाही, करंटच्या वेटोळ्यांचा गठ्ठा म्हणून बघतं. सिग्नलच्या पिनमधून गेलेला करंट परत यायलाच हवा. तो ग्राउंडच्या पिनमधून परत येतो. जाणारी वाट आणि येणारी वाट मिळून एक लूप होतो. शेजारच्या सिग्नलचाही तसाच लूप. दोन लूप एकमेकांवर पसरलेले असले, की एकातला बदलता करंट दुसऱ्यात व्होल्टेज निर्माण करतो. फॅरडेचा नियम, बारावीतला. म्युच्युअल इंडक्टन्स गुणिले करंट बदलण्याचा वेग.

यावर एक सोपा हिशेब स्वतः करून बघा. मी तो मेट्रिकमध्ये मांडतेय. नेहमीचा २.५४ मिलिमीटर अंतराचा पिन हेडर घ्या, सगळ्या पिना एका ओळीत धरा, जोडलेल्या पिनची लांबी १० मिलिमीटर, पिनची सरासरी त्रिज्या ०.३५ मिलिमीटर. दोन सिग्नलांची ग्राउंड पिन एकच असेल, तर त्यांच्यातला म्युच्युअल इंडक्टन्स साधारण असा येतो:

२ नॅनोहेन्री × नैसर्गिक लॉग [ (पहिल्या सिग्नलचं ग्राउंडपासून अंतर × दुसऱ्याचं ग्राउंडपासून अंतर) ÷ (दोघांमधलं अंतर × ग्राउंड पिनची त्रिज्या) ]

हे लांबलचक तारांचं सूत्र आहे. दहा मिलिमीटरच्या पिनला ते ताणून लावलंय, त्यामुळे दूरच्या अंतरांसाठी खरा आकडा कमी येतो. पण तुलनेसाठी पुरेसं आहे. आता तीन मांडण्या:

पहिली. ग्राउंड रांगेच्या टोकाला, आपले दोन सिग्नल तिथून आठव्या आणि नवव्या जागेवर. उत्तर सुमारे १२.५ नॅनोहेन्री.

दुसरी. तेच सिग्नल, पण टोकाला एकाऐवजी चार ग्राउंड पिना शेजारी-शेजारी. उत्तर साडेनऊच्या आसपास. पिना चौपट केल्या, त्रास चौथाईनं कमी झाला.

तिसरी. ग्राउंडची एकच पिन, पण दोन सिग्नलांच्या मधोमध. उत्तर सुमारे २.६ नॅनोहेन्री. एकाच पिनेत त्रास जवळजवळ पाचवा हिस्सा.

हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. ग्राउंडच्या पिना किती, हा प्रश्न दुय्यम आहे. प्रत्येक सिग्नलला त्याची परतीची वाट किती जवळ आहे, हा खरा प्रश्न. टोकाला ग्राउंडचा ढीग लावून उपयोग नाही, कारण लूपचा पसारा तेवढाच राहतो.

आता व्होल्टेज. ३.३ व्होल्टचा ड्रायव्हर, आतला रोध ५० ओहम, लाइन ५० ओहम, म्हणजे ३३ मिलिअँपिअरची उडी, १ नॅनोसेकंदात. पहिल्या मांडणीत शेजारच्या लूपमध्ये ०.४ व्होल्ट येतात. तिसऱ्यात ०.०९ व्होल्ट. ३.३ व्होल्टच्या लॉजिकला ०.८ व्होल्टपर्यंतचं सगळं 'शून्य' वाटतं. म्हणजे ०.४ व्होल्टनं काही बिघडत नाही. चाचणी पास!

पण टोकाच्या ग्राउंडपासून नवव्या जागेवरचा सिग्नल शांत ठेवून त्याच्या अलीकडच्या आठही सिग्नलांनी एकदम उडी मारली तर? आठांचे म्युच्युअल इंडक्टन्स बेरजेत येतात. वरच्याच सूत्रानं बेरीज सुमारे ६७ नॅनोहेन्री होते, म्हणजे २.२ व्होल्ट. सूत्र ताणलेलं आहे म्हणून निम्मा धरा, तरी एक व्होल्टच्या पुढे. शांत चॅनेल 'पेटतं'.

हे वाचून मी खुर्चीत ताठ बसले. एकेक चॅनेल तपासलं की सगळं ठीक, अनेक एकदम पेटली की शेजारचं खोटं पेटणार. माझ्या 'शॉवर'चं हुबेहूब वर्णन. दुसऱ्या दिवशी जनरेटरचा पल्स फोडून पाच चॅनेलना एकदम दिला, डिटेक्टर काढून टाकला. सहाव्याचा काउंटर चालू झाला. काँक्रीट नाही, म्यूऑन नाही, काही नाही.

परिषदेचा सारांश मागे घेतला. ते पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. मजकूर चारच ओळींचा होता.

रेल्वेनं हे आधीच सोडवलंय

लूपचा हा विचार कोणाला पुस्तकी वाटत असेल तर बदलापूर किंवा अंबरनाथच्या फलाटावर उभं राहून वर बघा. लोकलला वरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट एसी मिळतो. गाडीनं घेतलेला करंट परत सबस्टेशनला जायला हवा. तो रुळांतून जातो, आणि रूळ जमिनीवर टेकलेले असल्यामुळे त्यातला बराच भाग जमिनीतूनही वाट काढतो. वर तार, खाली रूळ आणि जमीन: प्रचंड उंच-रुंद लूप. शेजारून जाणाऱ्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारांमध्ये त्यानं व्होल्टेज निर्माण होतं. क्रॉसटॉकच, फक्त किलोमीटरच्या मापात.

यावर रेल्वे अभियंत्यांनी बूस्टर ट्रान्सफॉर्मर आणि रिटर्न कंडक्टर ही पद्धत वापरली. खांबांवर वरच्या तारेच्या जवळ आणखी एक तार टाकायची आणि ठरावीक अंतरावरच्या ट्रान्सफॉर्मरनं परतीच्या करंटला रुळांतून उचलून त्या तारेत ढकलायचं. परतीची वाट जाणाऱ्या वाटेशेजारी आली, लूप आक्रसला, टेलिफोनचा त्रास कमी झाला. रुळांचं लोखंड कितीही जाड असलं, जमीन कितीही मोठी असली, तरी ती दूर आहे. जवळची बारीक तार जास्त कामाची. आमच्या तिसऱ्या मांडणीतली मधली पिन म्हणजे हीच तार.

मुंबईत १९२५ च्या फेब्रुवारीत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. हार्बरवरचा डीसी तर थेट २०१६ मध्ये संपला. स्थिर डीसीमध्ये करंट बदलतच नाही, म्हणून हा त्रासही एसीइतका नसतो. व्होल्टेज येतं ते करंटच्या बदलामुळे. सेकंदाला काही वेळाच पेटणाऱ्या पट्टीची एक नॅनोसेकंदाची कड नेमकी इथेच फसवते.

प्रकरणाशी माझं भांडण

आता टीका. पुस्तक आवडतं म्हणूनच करतेय.

पहिलं भांडण उपशीर्षकाशी. काळी जादू? पुस्तकातली एकही गोष्ट जादू नाही. सगळं फॅरडे, अँपिअर आणि बारीक हिशेब. लेखकांनाही तेच म्हणायचंय, ते गमतीनं तसं म्हणतात हे कळतं. पण विद्यार्थी ती गंमत खरी धरतात. 'ग्राउंडिंग ही अनुभवाची गोष्ट, तुला नाही कळणार' हे वाक्य मी लॅबमध्ये इतक्यांदा ऐकलंय की जादू हा शब्द आता मला आळसाचं निमित्त वाटतो. माझ्या सीनियरचं ड्रॉइंग 'पूर्वीपासून असंच चालतं' म्हणून माझ्यापर्यंत आलं, आणि मीही ते त्याच वाक्यानं पुढे पाठवलं असतं.

दुसरं भांडण मापांशी. सूत्रं इंचात आहेत. आपण मिलिमीटरमध्ये शिकलो. यात चूक काही नाही, पण पहिल्या वाचनात मी सूत्रं ओलांडून नुसते शब्द वाचले, त्याचं एक कारण हेही होतं. तुम्ही तसं करू नका. इंचाला ५.०८ नॅनोहेन्री म्हणजे मीटरला २०० नॅनोहेन्री, बस. वरचं सूत्र तिथूनच येतं.

तिसरं भांडण महत्त्वाचं आहे. प्रकरण कनेक्टरला एक वेगळी वस्तू म्हणून हाताळतं. १९९३ च्या बोर्ड-टू-बोर्ड कामासाठी ते योग्यच. पण रिबन केबल वापरणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी त्यातून मोठी गोष्ट निसटते. रिबनमध्ये पिनेचा क्रम म्हणजेच तारेचा क्रम. कनेक्टरमध्ये ग्राउंड टोकाला ठेवलं, की पुढची सगळी केबल तशीच जाते. दहा मिलिमीटरचा दोष तीनशे मिलिमीटर लांब होतो. माझ्या बिघाडात कनेक्टरपेक्षा रिबनचा वाटा मोठा होता, आणि इतक्या लांबीला वरचं सोपं सूत्रही पुरत नाही, ट्रान्समिशन लाइन म्हणूनच बघावं लागतं. पुस्तकात ट्रान्समिशन लाइनवर आणि केबलवर वेगळी, चांगली प्रकरणं आहेत. पण ती आणि नववं प्रकरण यांच्यातला पूल वाचकानं स्वतः बांधायचा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांच्या घरातल्या जुन्या संगणकात आहे. हार्ड डिस्कची जुनी आयडीई केबल आठवतेय? ४० पिना, त्यातल्या फक्त ७ ग्राउंड: २, १९, २२, २४, २६, ३० आणि ४०. सोळा डेटा सिग्नल ३ ते १८ या पिनांवर. म्हणजे सोळा सिग्नल ओळीनं, आणि ग्राउंड फक्त दोन टोकांना, २ आणि १९ वर. हे वाचून मी हसले, कारण माझा २० पिनांचा कनेक्टर जवळपास त्याची नक्कल होता. सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंत ही केबल चालली. ६६ वर जायचं ठरल्यावर चालेना.

मग काय केलं? कनेक्टर बदलला असता तर जुन्या डिस्क जोडता आल्या नसत्या. म्हणून कनेक्टर ४० पिनांचाच ठेवला आणि केबल ८० तारांची केली. जास्तीच्या ४० तारा सगळ्या ग्राउंड, प्रत्येक सिग्नलच्या तारेशेजारी एक, आणि त्या कनेक्टरच्या आतच ७ ग्राउंड पिनांना जोडलेल्या. पिनांमध्ये ग्राउंड तेवढेच, ७. कनेक्टरच्या सेंटिमीटरभर लांबीत मांडणी वाईटच राहिली. पण केबलच्या ४५ सेंटिमीटरमध्ये सुधारली, आणि तेवढ्यानं काम झालं. कनेक्टरचा हिशेब केबलपासून तोडून करू नये, याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. जुन्या फ्लॉपीच्या ३४ पिनांच्या केबलमध्ये तर सगळ्या विषम पिना ग्राउंड होत्या. हळू चालणाऱ्या फ्लॉपीला चांगली मांडणी आणि वेगवान डिस्कला वाईट, असा हा उलटा न्याय.

चौथं भांडण शब्दाशी, आणि ते एकट्या या पुस्तकाशी नाही. 'ग्राउंड' हा शब्दच फसवा आहे. आपल्याकडे वायरमन 'अर्थिंग' म्हणतो, आणि डोक्यात चित्र येतं ते जमिनीत पुरलेल्या पत्र्याचं, जिथे करंट जाऊन संपतो. करंट कुठेच संपत नाही, परत येतो. एरिक बोगॅटिन यांचं 'सिग्नल इंटिग्रिटी: सिम्प्लिफाइड' या बाबतीत जास्त काटेकोर आहे. ते ग्राउंडपेक्षा 'रिटर्न पाथ' असा विचार करायला लावतात. मराठीत आपण 'परतवाट' म्हणू शकतो. मी माझ्या वहीत तसंच लिहायला लागलेय. 'ग्राउंड किती?' असं विचारलं की आकडा सुचतो. 'या सिग्नलची परतवाट कुठे?' असं विचारलं की बोट ठेवावं लागतं.

एक गोष्ट मात्र लेखकांच्या बाजूनं. आजचे कनेक्टर डिफरन्शियल जोड्यांचे आहेत, गिगाहर्ट्झमधले, त्यांना सॉफ्टवेअरनं पूर्ण सोडवावं लागतं, म्हणून हे प्रकरण कालबाह्य झालं, असं कोणी म्हणेल. मला पटत नाही. एचडीएमआयच्या पिना बघा: जोडीतल्या दोन पिनांच्या मधे त्या जोडीची शील्डची पिन. यूएसबी ३ मध्ये दोन वेगवान जोड्यांच्या मधे एक ग्राउंड. मांडणीचं तत्त्व तेच आहे. सॉफ्टवेअर अचूक आकडा देईल. कुठली मांडणी तपासायची, हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं.

मग पिना वाटायच्या कशा

प्रत्येक सिग्नलशेजारी ग्राउंड दिलं तर कनेक्टर दुप्पट होतो, महाग होतो, खुपसायला-उपसायला जड जातो. म्हणून काटकसर करावीच लागते. प्रकरण आणि माझी चूक मिळून जे शिकले ते असं:

- आधी प्रत्येक सिग्नलची कड किती नॅनोसेकंदाची आहे ते स्कोपवर मोजा. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून, कारण तीही एक लूपच आहे. क्लॉकची वारंवारता विचारू नका.
- सर्वांत झटपट कडा, म्हणजे क्लॉक आणि स्ट्रोब, यांना दोन्ही बाजूंनी ग्राउंड द्या.
- एकाच वेळी बदलणारे सिग्नल ओळखा. त्यांचा त्रास बेरजेत येतो. त्यांच्या रांगेत मधेमधे ग्राउंड पेरा.
- रीसेटसारखा हळू सिग्नल त्रास देत नाही, पण त्रास सोसतो, आणि त्यावर एक खोटा पल्स आला तर सगळा प्रयोग शून्यावर येतो. कोण त्रास देतो आणि कोणाला झाला तर महागात पडेल, या दोन वेगळ्या याद्या करा.
- शक्य असेल तर कडच हळू करा. ड्रायव्हरजवळ एक रेझिस्टर पुष्कळदा चार पिनांचं काम करतो. १ नॅनोसेकंदाची कड ५ ची केली की त्रास पाचवा हिस्सा.
- क्रॉसटॉक तपासताना एक शांत ठेवा आणि बाकी सगळे एकदम हलवा. एक हलवून बाकी बघणं ही चाचणीच नाही.

शेवटचा मुद्दा पुस्तकात इतक्या ठळकपणे असायला हवा होता असं मला वाटतं. नाहीतर माझ्यासारखं होतं: चाचणी केल्याचं समाधान मिळतं आणि डेटा खोटाच राहतो.

वाचावं का

नक्की वाचा. पण क्रम असा ठेवा: पहिलं प्रकरण, मग तिसरं, जे मोजमापावर आहे, मग नववं. नववं वाचताना शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक आकृतीत करंटची पूर्ण फेरी पेन्सिलनं काढा, जाणारी आणि येणारी. जिथे येणारी वाट काढता येत नाही, तिथे तुम्हाला अजून कळलेलं नाही. मी पहिल्यांदा ही फेरी काढली नव्हती.

आणि तुमच्या हाताशी आज असलेल्या गोष्टीवर करून बघा. रास्पबेरी पायच्या ४० पिनांच्या हेडरवर ८ ग्राउंड आहेत: ६, ९, १४, २०, २५, ३०, ३४, ३९. बऱ्यापैकी पेरलेल्या. एसपीआयचा क्लॉक २३ वर. त्याची सर्वांत जवळची परतवाट कोणती, आणि तुम्ही प्रोजेक्टला जम्पर वायर लावताना ग्राउंड नेमकं कुठून घेता? आमच्याकडे बहुतेक जण सवयीनं ६ वरून घेतात. मी पण.

माझ्या डिटेक्टरचं पुढे काय झालं, तर मी काकांना नवीन ड्रॉइंग पाठवलं. ३४ पिना, विषम सगळ्या ग्राउंड, सम पिनांवर सोळा सिग्नल आणि एक मोकळी. सप्लाय वेगळ्या कनेक्टरवर. फ्लॉपीचीच मांडणी. काकांचा पुन्हा फोन.

"मॅडम, आता सतरा? मागच्या वेळी दोन पुरत होते ना?"

"नव्हते पुरत काका. तुम्ही बरोबर होतात."

ते हसले आणि म्हणाले, मागच्या वेळीच वाटलं होतं, पण तुम्ही शिकलेली माणसं.

नवीन बोर्डावर पाच चॅनेल एकदम हलवली, सहावं शांत राहिलं. मग पंधरा हलवून सोळावं बघितलं, तेही शांत. डेटा पुन्हा पहिल्यापासून घेतेय. जास्तीच्या पेटलेल्या पट्ट्या आतापर्यंत सिम्युलेशनइतक्याच दिसतायत. म्हणजे नवीन काही सापडलेलं नाही. जुना डेटा मी पुसलेला नाही, त्या फोल्डरच्या नावात 'दोन ग्राउंड' असं लिहून ठेवलंय.